पस्तिशीला आल्यावर डिग्री पूर्ण करायचीये, पैशाचं काय करू?

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वय ३४, बीकॉमच्या एसवायला असताना लग्न झालं, दोन विषयांची एटीकेटी तशीच राहिली. आता एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघता, पगार २२ हजार, मिस्टरांचा ३५ च्या आसपास, मुलगी तिसरीत, घराचा हप्ता चालू. एका कंपनीच्या काउन्सेलरचे रोज फोन येतायत की ऑनलाइन एमबीए करा, दीड लाख फी, नो कॉस्ट ईएमआय, एकरकमी भरलंत तर १ लाख ३२ हजारात देतो, ऑफर फक्त रविवारपर्यंत. आणि तुम्ही विचारताय की कर्ज काढू, मिस्टरांचा पीएफ काढू का सोनं ठेवू.

मी बँकेत वीस-बावीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलवर. एज्युकेशन लोनच्या फायली किती पाहिल्या त्याचा हिशोब नाही, पण त्यात नोकरी करून शिकणाऱ्या माणसांच्या फायली कमीच असायच्या आणि अडकायच्या मात्र त्याच जास्त. बँकेत शिकवलं नाही ते एक स्वतःच्या खिशातून शिकलो. ३६ व्या वर्षी एका खासगी संस्थेत दोन वर्षांचा डिप्लोमा धरला. दोन्ही वर्षांची फी एकदम भरा, १० टक्के सूट मिळेल म्हणाले, मी बँकवाला ना, सूट दिसली की हिशोब करणारच, भरले. सात महिन्यांनी बदली झाली, वर्ग सुटला, दुसऱ्या वर्षाची फी परत मागितली तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं. १० टक्के वाचवायला गेलो आणि ५० टक्के गेले.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की पैसे कुठून आणू, तर मी आधी उलटं विचारतो, मधेच सोडावं लागलं तर पैसे कोणाचे बुडणार? अठरा वर्षांच्या मुलाला घरी काय, फक्त अभ्यास. आपल्या वयात मुलीची परीक्षा असते, सासऱ्यांचं ऑपरेशन निघतं, मार्च एंडिंगला ऑफिसात रात्रीचे दहा वाजतात, म्हणजे एखादं सेमिस्टर गळणार हे धरूनच चालायचं. त्यामुळे फी थोडी जास्त पडली तरी चालेल पण सेमिस्टरला सेमिस्टर, वर्षाला वर्ष अशी भरता आली पाहिजे, म्हणजे थांबलात तर तेवढ्यापुरतंच नुकसान. खाली जे सांगतोय ते सगळं याच एका मापाने मोजलंय.

आता आधी त्या एमबीएचं. तुमची पदवी पूर्ण नाही हे काउन्सेलरला सांगितलंत तर म्हणाला "अनुभवावर होऊन जाईल". इथेच फोन ठेवायचा होता. मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीच्या एमबीएला आधी पदवी लागतेच, अनुभव पदवीच्या जागी चालत नाही. म्हणजे तो जे विकतोय ते एकतर एमबीए नावाचं नुसतं सर्टिफिकेट आहे, नाहीतर बाहेरच्या देशातल्या कुठल्या तरी संस्थेचं, ज्याला इथे किंमत नाही. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये याबद्दल जाहीर सूचनाच काढली होती, मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक म्हणजे ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपन्या ज्या डिग्र्या देतात त्या ग्राह्य नाहीत म्हणून. तपासायचं कसं ते सोपं आहे, यूजीसीचा डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो म्हणजे डीईबी, त्यांच्या साइटवर कोणती युनिव्हर्सिटी कोणता कोर्स कोणत्या वर्षी दूरस्थ किंवा ऑनलाइन देऊ शकते त्याची यादी असते, आणि युनिव्हर्सिटीचं नाव यादीत असून उपयोग नाही, तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष दोन्ही सापडलं पाहिजे. एक युक्ती माझी, बिलाचा नमुना मागा. युनिव्हर्सिटीच्या मान्य पदवीच्या फीवर जीएसटी लागत नाही, खासगी सर्टिफिकेट कोर्सला आणि कोचिंगला १८ टक्के लागतो. पदवी म्हणून विकतायत आणि बिलावर १८ टक्के दिसतोय तर सरळ विचारा की हा टॅक्स कशावर, उत्तर देताना चाचपडतात लगेच.

मग आधी बीकॉम. तुम्हाला वाटतंय तेवढं महाग नाहीये ते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून, दोन्हीकडे बीकॉमची वर्षाची फी काही हजारात बसते, आणि इग्नूला तर तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो. वर्षावर्षाने भरायची, एखादं वर्ष गळलं तर गळलं, माझ्या मापात एकदम बसतं. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला मान असतो का हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तर यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलंय की मान्य संस्थांची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. तुमच्या सीए सरांना मात्र पदवीपेक्षा तुम्ही जीएसटी रिटर्न किती बिनचूक भरता यात जास्त रस असणार, तो भाग वेगळा.

एफवाय-एसवायचं जुनं केलेलं वाया जाऊ देऊ नका एवढ्यात. हल्ली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, २०२१ ला सुरू झाली, त्यात मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांची नोंद, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, पण तुमचं शिक्षण त्याच्या आधीचं म्हणजे ते तिथे आपोआप दिसणार नाही. तरी जुन्या कॉलेजात जाऊन मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट आणि मायग्रेशन सर्टिफिकेट कसं मिळेल ते विचारा आणि तेच दोन विषय जुन्या युनिव्हर्सिटीतूनच देता येतात का, किंवा नव्या ठिकाणी थेट पुढच्या वर्षात घेतात का, हे दोन्हीकडे लेखी विचारा. एक वर्ष वाचलं तर पैसे कमी वाचतात पण वय वाचतं ना.

फीशिवायचा खर्च कोणी धरत नाही आणि तिथेच बजेट कोसळतं. परीक्षा फी वेगळी, परीक्षा केंद्र लांब पडलं तर जाणंयेणं, रविवारच्या संपर्क सत्रांना मुलीला कोणाकडे ठेवायचं, परीक्षेच्या दिवसांत बिनपगारी रजा. रजेचे पैसे तर नक्की धरा, २२ हजार पगारात एक दिवस म्हणजे सातशे-साडेसातशे, आठ पेपर म्हणजे सहा हजाराच्या आसपास, कधीकधी फीपेक्षा हेच जास्त. काही अभ्यासकेंद्रांवर विद्यापीठाच्या फीवर वरून रोख मागतात, प्रोजेक्टचे, फाइलचे, कसले कसले. पावती मागा, पावती देत नसतील तर देऊ नका.

आता तो नो कॉस्ट ईएमआय. कॉस्ट नसलेलं कर्ज मी तरी नोकरीत कधी पाहिलं नाही. हिशोब करून बघू, एकरकमी १ लाख ३२ हजार आणि हप्त्याने १२,५०० चे बारा म्हणजे दीड लाख. म्हणजे आज तुम्हाला मिळणारी वस्तू १ लाख ३२ ची आणि फेडताय दीड लाख, वरचे १८ हजार हेच व्याज, फक्त नाव सूट असं ठेवलंय. आणि १८ हजार म्हणजे १३-१४ टक्के झाले असं म्हणू नका, कारण दर महिन्याला तुम्ही मुद्दलही फेडताय, खरा दर निघतो महिन्याला २ टक्क्यांच्या आसपास, वर्षाला २४. क्रेडिट कार्डाच्या खालोखाल झालं हे. पण व्याजापेक्षाही वाईट पुढचं आहे. हे कर्ज कोर्सवाल्या कंपनीचं नसतं, मागे एखादी एनबीएफसी म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी कंपनी असते, पैसे ती पहिल्याच दिवशी कोर्सवाल्याला देऊन मोकळी होते आणि तुम्ही पुढे बारा महिने एनबीएफसीचे देणेकरी. कोर्स आवडला नाही, शिक्षक आले नाहीत, कंपनी बंद पडली, काहीही झालं तरी हप्ता चालू, चुकवलात तर सिबिल म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड खराब आणि मग उद्या मुलीच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलात की तिथे हे निघतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, टू व्हीलर लोन नाकारलं म्हणून भांडायला, रिपोर्ट काढला तर एका कोडिंग कोर्सचे नऊ हप्ते थकलेले, त्याला वाटत होतं कोर्स सोडल्याचा मेल केला म्हणजे विषय संपला.

चुकून घेऊन बसलाच असाल कोणी, तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत, २०२२ पासून, दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं ज्यात वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो, आणि सुरुवातीचे थोडे दिवस कूलिंग ऑफ पिरियड असतो ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. किती दिवस ते करारात असतं, त्याच रात्री वाचा, पुढच्या आठवड्यात नको. ओटीपी सांगू नका कोणाला, फोनवर बोलता बोलता "अ‍ॅप्लिकेशन चेक करण्यासाठी" म्हणून ओटीपी घेतात आणि कर्ज मंजूर होऊन बसतं.

फी परत मिळण्याचंही सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहितीये. युनिव्हर्सिटी आणि कॉलेजांसाठी यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी सोडलंत तर पूर्ण फी परत, फक्त प्रोसेसिंगचे ५ टक्के आणि तेही ५ हजारांपेक्षा जास्त नाही, त्या १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, पुढच्या १५ दिवसांत म्हणजे तिसाव्या दिवसापर्यंत ५०, आणि त्यानंतर शून्य. ओरिजिनल कागदपत्रं ठेवून घ्यायचाही त्यांना अधिकार नाही. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. खासगी क्लास आणि कोर्सवाल्यांना मात्र हा यूजीसीचा नियम लागू नाही, त्यांच्याकडे पावतीमागची बारीक अक्षरंच खरी, माझ्यासारखं होईल.

बँकेचं एज्युकेशन लोन. लोकांना वाटतं की हे पोरांसाठीच असतं, तसं नाहीये, इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत विद्यार्थ्याच्या वयाला वरची मर्यादा घातलेली नाही, ३४ काय ४४ ला पण मागता येतं, लग्न झालेलं असेल तर सहकर्जदार म्हणून नवरा किंवा बायको चालते. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही, साडेसात लाखांच्या वर गेलं की मात्र तारण आलंच. अडचण वेगळीच असते, आणि ती शाखेत गेल्यावर कळते. दूरस्थ कोर्स म्हटलं की मॅनेजर कपाळाला आठ्या घालतो, योजना मुळात पूर्णवेळ कॉलेजला जाणाऱ्यासाठी बनवलेली आहे. काही बँकांकडे नोकरदारांसाठी पार्ट टाइम कोर्सची वेगळी योजना असते, ती नाव घेऊन विचारावी लागते, ते आपणहून सांगत नाहीत (आम्हीही नाही सांगायचो, खरं बोलतो).

पूर्णवेळ कोर्सला जायचं असेल कोणाला, नोकरी सोडून वगैरे, तर एक गोष्ट. कोर्स संपून एक वर्षापर्यंत हप्ता नसतो म्हणून लोक निवांत असतात पण व्याज त्या काळातही लागतच असतं, साधं व्याज असतं एवढंच. ३ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी धरा, निम्मं पहिल्या वर्षी निम्मं दुसऱ्या वर्षी उचललं, तर हप्ता सुरू होईपर्यंत ७५ हजार व्याज चढलेलं असतं आणि पाच वर्षांचा हप्ता ६,४०० च्या जागी ८,००० च्या जवळ जातो. हेच व्याज शिकत असताना भरत राहिलात, पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि नंतर २,५००, तर डोंगर होत नाही, आणि अशा वेळेवर व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. नोकरी असलेल्या माणसाला हे सहज जमतं. बदलत्या दराचं कर्ज लवकर फेडलं तर दंड नाही, २०१४ पासून रिझर्व्ह बँकेने बंद केलाय तो, बोनस आला की टाका त्यात.

टॅक्सचं आमिष प्रत्येक एजंट दाखवतो म्हणून तेही बोलतो. आयकराचं ८०ई कलम म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, रकमेला मर्यादा नाही, आठ वर्षांपर्यंत, स्वतःच्या शिक्षणालाही चालते. पण फक्त व्याजाला, मुद्दलाला नाही, कर्ज बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचं हवं, भावाकडून किंवा नोकरीच्या कंपनीकडून घेतलेलं चालत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तरच. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्सच नाही, तुमचं दोघांचं वेगवेगळं उत्पन्न त्याच्या कितीतरी खाली, मग वजावट कशातून करणार? आणि ८०सीमध्ये ट्यूशन फी चालते हे खरं पण मुलांची, दोन मुलांपर्यंत, स्वतःची नाही. सीएच्या ऑफिसात तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

घरचे पैसे काढायचे तर कुठून? मिस्टरांच्या पीएफला हात लावू नका, २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के मिळालेत, एवढं सुरक्षित व्याज दुसरीकडे नाही, आणि तो पैसा एकदा बाहेर आला की परत आत जात नाही. पीपीएफ असेल तर बरं, सातव्या आर्थिक वर्षापासून त्यातून थोडी रक्कम काढता येते आणि त्याला कारण सांगावं लागत नाही. पाच वर्षांनंतर स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी खातं पूर्ण बंदही करता येतं पण मग एक टक्का व्याज मागे जाऊन कापतात, त्यापेक्षा थोडं काढणं चांगलं. एफडी असेल तर मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लागतात. मिस्टरांच्या ऑफिसची पतसंस्था असेल तर तिथलं छोटं कर्ज मला ईएमआयवाल्यांपेक्षा शंभरपट पसंत, पगारातून कापून जातं, चुकायचा प्रश्न नाही. सोनं अगदी शेवटी, आणि ठेवलंच तर एका सेमिस्टरपुरतं, सोडवायची तारीख ठरवून. कारण फक्त व्याज भरत वर्षानुवर्षं नूतनीकरण करत राहिलेली गोल्ड लोनची पाकिटं मी तिजोरीत पाहिलीयेत.

एक जण तुम्ही विसरलात, तुमचे सीए सर. विचारून तर बघा. मोठ्या कंपन्यांत शिक्षणाच्या खर्चाची पॉलिसी असते, छोट्या ऑफिसात पॉलिसी नसते पण माणूस असतो. पैसे नकोत म्हणावं, परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा द्या, किंवा निम्मी फी पास झाल्यावर द्या. पास झाल्यावर ही अट आपणच घालायची, समोरच्याला देणं सोपं जातं. बदल्यात दोन-तीन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून मागितलं तर घाबरू नका पण रक्कम बघा, खर्च केला त्याच्या प्रमाणात आणि दर वर्षाला कमी होत जाणारी असावी. असा बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नका, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवलाय.

आणि शिकायला सुरुवात करायला फी लागतेच असंही नाही. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर, २०१७ पासून चालू आहे, अकाउंटन्सीपासून फायनान्सपर्यंत कोर्स फुकट बघता येतात, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. मी म्हणेन की कुठेही प्रवेश घेण्याआधी एक बारा आठवड्यांचा कोर्स यावर पूर्ण करून बघा, रात्री साडेनऊनंतर किती दिवस बसू शकता ते कळेल. बारापैकी आठ आठवडे जमलं तर प्रवेश घ्या, तीनच जमले तर निदान दीड लाख वाचले.

आता तुमचा आकडा मांडतो. दर महिना ३ हजारांची आरडी लावा, मुलीच्या नावाची एखादी असेल तर ती वेगळी ठेवा. बीकॉमची तीन वर्षं धरू, वर्षाला सगळं मिळून, रजेसकट, १० हजार लागले समजा. वर्षाला ३६ जमा, १० खर्च, तीन वर्षांनी हातात ७८ हजार आणि वर व्याज. मग एमबीए, दीड लाखाचंच धरलं तर चार सेमिस्टर, प्रत्येकी ३७,५००. पहिली दोन सेमिस्टर साठलेल्या पैशातून, आरडी तशीच चालू, चौथ्या सेमिस्टरची फी भरायच्या वेळेस फार तर १५-१८ हजार कमी पडतील, व्याज धरलं तर त्याहून कमी, तेवढ्याला दिवाळीचा बोनस किंवा पतसंस्था. दीड लाखाचं एमबीए आणि कर्ज जवळपास शून्य. ते दोन विषय जुन्या युनिव्हर्सिटीतूनच देता आले तर सगळंच वर्ष-दोन वर्षं अलीकडे येईल, मग जमलेले पैसे कमी असतील, तेव्हा आरडी साडेचार-पाच हजारांची करावी लागेल, ते जमतंय का मिस्टरांबरोबर बसून बघा. घराच्या हप्त्याला धक्का लावून मात्र नको.

रविवारच्या ऑफरचं म्हणाल तर ती पुढच्या रविवारीही असते. जुन्या कॉलेजच्या ऑफिसात सोमवारी जा, मार्कशीटच्या झेरॉक्स आणि ओळखपत्र घेऊन, दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, आणि ते दोन विषयांबद्दल काय म्हणतात ते इथे लिहा, त्यावरून आरडीचा आकडा नीट बसवून देतो.